वाकड्या होडीचं तळं

तळ्याच्या मधोमध तो काळा दगड दिसतोय ना? येसूचा दगड म्हणतात त्याला. आणि इकडे पायरीवर ते आजोबा बघा! नात होडी करतेय, कागदाची पार वाट लावतेय, आणि हे हात पाठीमागे बांधून नुसते बघतायत. या गावात सगळेच असे बसतात. का, ते ऐका.

फार जुनी गोष्ट. गावात गाठीचा ताप आला होता म्हणे. झाडपाल्याची औषधं विकणाऱ्या दाजिबाच्या बायकोला, येसूला, ताप चढला. पोरांना लागू नये म्हणून ती आपणहून तळ्यापलीकडच्या खोपीत जाऊन राहिली. घरात तीन पोरं, दार बंद. दाजिबाच्या हातात कला एकच, पुड्या बांधायची. पुडी उलटी केली तरी चिमूटभर सांडायची नाही! मग त्यानं पुड्यांच्याच कागदाच्या होड्या पोरांना शिकवल्या. संध्याकाळी वारं पलीकडे वळलं की तो तीन होड्या सोडायचा. येसू घडीवरून कुणाचा हात ते ओळखायची. धाकट्या बनीची तर लांबूनच कळायची, एक कान मुडपलेली, लंगडत येणारी. ती पोचली की मगच येसू भाकरी मोडायची.

एक दिवस दाजिबाला राहवलं नाही. "आईला असली लंगडी होडी धाडतात व्हय?" म्हणत त्यानं बनीची घडी उलगडून झकास सरळ केली.

तिन्ही होड्या सरळ आल्या. येसूनं घड्या निरखल्या. तिसरी नवऱ्याच्या हातची! म्हणजे बनी गेली, आणि मला कळू नये म्हणून हे स्वतः करून पाठवतायत. घर गाठायला ती तशीच पाण्यात शिरली.

"अगं, बरी आहे बनी!" दाजिबा काठावरून ओरडला.

"मग तिची होडी कुठंय?"

त्यानं तिथंच एक वाकडी करून बघितली. बोटं ऐकेचनात, घडी सरळच पडायची. तोवर येसू गळ्याइतक्या पाण्यात, दम लागून त्या दगडाला धरून उभी. दाजिबा पळत जाऊन बनीला कडेवर घेऊन आला.

"कुणाचं पोर उचलून आणलंत?" अंधारून आलेलं, येसूला चेहरा दिसेना. आणि बनी फुरंगटलेली, आईला हाक मारेल तर शपथ.

दाजिबानं कागद पुढे केला.

"बा, तू परत सरळ करशील."

तेव्हा त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

बनीनं केलेली होडी लंगडत लंगडत दगडापाशी गेली. येसूनं ती उचलून डोक्यावर धरली आणि खोपीकडे मागे वळली. पुढे ताप उतरला, ती घरी आली, असं सांगतात.

आजही इथे पोर कागद दुमडायला बसलं की मोठ्यांचे हात आपोआप पाठीमागे जातात. थांबा थोडं, वारं वळेल आता. मग बघा, तळ्यात एकही होडी सरळ जात नाही.