दोर धरणारे

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एका उंच कड्यावर एक गाव होतं. कड्याला मधाची मोठमोठी पोळी लोंबत. एकाने दोर बांधून खाली उतरायचं, चौघांनी वर दोर धरायचा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मधाच्या पंगतीला बसायचं, असा तिथला रिवाज.

दोर कुणी धरायचा? जो पंगतीत बसतो त्याने. पंगतीत कुणी बसायचं? ज्याने दोर धरलाय त्याने. आता बोला, नवा माणूस शिरणार कुठून? पूर्वी एखाद्या पोराला मुद्दाम हाताशी घेत. पुढे जुन्यांच्या ध्यानात आलं, की एक तोंड वाढलं की वाट्याला मध कमी येतो. मग बैठकीत सगळ्यांनी हात वर करून ते घेणं बंद केलं.

सुभाना त्या गावचा तरणाबांड गडी. अंगात ताकद मावत नव्हती, पण काम नाही. पंगतीत जागा नाही म्हणून कुणी मुलगी देईना, लग्नाबारशाला बोलावीना. वर त्यालाच रिकामटेकडा म्हणत.

त्याचा बाप म्हादबा पंगतीतला मानकरी. सुभाना त्याला म्हणाला, "आबा, एकदा दोर धरू द्या की."

"आधी अनुभव घे."

"कुठं घेऊ?"

म्हादबा पंगतीला निघून गेला.

एके दिवशी म्हादबाच कड्याखाली उतरला. वर धरणारे सगळे वयाने थकलेले. दोर हातातून सरकू लागला. सुभाना धावत आला. "सरका, मी धरतो."

पंगतीचा कारभारी आडवा आला. "पंगतीबाहेरच्याचा हात दोराला लागायचा नाही. आधी बैठक घेऊ."

"धरू द्या त्याला," खालून म्हादबा ओरडला, "पोरगा आहे माझा."

"म्हादबा, बैठकीत तूही हात वर केला होतास."

सुभानाने कारभाऱ्याला बाजूला लोटलं. पण तोवर दोर सुटला होता.

तेराव्याला कारभारी सुभानाला म्हणाला, "ये बाबा, बस. बापाची जागा आता तुझी."

"ती रिकामी व्हायला माझा बाप मरावा लागला," सुभाना म्हणाला. "तुमची पंगत तुम्हालाच लखलाभ."

तो गाव सोडून गेला. त्याच्यामागून बाकीची तरणी पोरंही गेली. कुणी अडवलं नाही. पुढच्या हंगामात पोळी मधाने भरली, म्हातारे कड्यावर जमले, आणि खाली कोण उतरणार म्हणून एकमेकांकडे बघत राहिले.

लहानांनो, आणि लहानांच्या आईबापांनो, ध्यानात ठेवा: जे गाव आपल्या तरुणांना काम आणि मान नाकारतं, ते आपलीच माणसं दरीत सोडतं.