पट्टा बंद असताना

“आणि पट्टा बंद असेल तेव्हा?” भिकनशा फकिराने विचारलं.

“तेव्हा काय?”

“तेव्हा त्या बायांना काय देतोस?”

हेमराज नेहते हसला. प्रश्न त्याला भोळा वाटला. “बंद पट्ट्याचे कसले पैसे, बाबा? काम होईल तेवढ्याचे द्यायचे. सगळीकडे असंच चालतं.”

समोरच्या निखाऱ्यांवर फकिराने चिमूटभर लोबान टाकला आणि धुराकडे पाहत बसला.

टेकडीवरच्या तकियातून, मजारीजवळच्या फकिराच्या ठिकाणावरून, हेमराजचं जिनिंग दिसतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. कापसाचे ढीग, उंच शेड, आणि गेटसमोर रांगेत उभे ट्रक. हे जिनिंग हेमराजच्या बापाने उभं केलं. बाप दर गुरुवारी फकिराकडे यायचा. तकियातली पाण्याची टाकी त्यानेच बांधून दिली. मुलगा पुण्याहून इंजिनिअर होऊन आला, गादीवर बसला, आणि त्याने पहिलं काम काय केलं, तर रोजंदारी बंद केली. तासाचा दर लावला.

दर चांगला होता. तालुक्यात तेवढा कुणीच देत नव्हतं. गेटवर पाटी लावून त्याने तो मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला. पाटीत खोटं काही नव्हतं.

पाटीवर एवढंच लिहिलं नव्हतं की तास घड्याळावर मोजायचा नाही. कापूस वाहून नेणारा जो पट्टा आहे, त्याच्या मोटरला मीटर बसवलंय. पट्टा फिरला की तास फिरतो. वीज गेली, तास थांबला. मशीनमध्ये कापूस अडकला, तास थांबला. गावाकडून माल उशिरा आला, तास थांबला. बाया मात्र थांबलेल्याच. पहिल्या भोंग्याला गेटला कुलूप लागतं ते शेवटच्या भोंग्याला निघतं. पट्टा कधी सुरू होईल याचा नेम नसतो, म्हणून कुणी बाहेर जायचं नाही. सकाळी अंधारात आत गेलेल्या बाया अंधार पडल्यावर बाहेर येतात, पापण्यांवर कापसाचे तंतू घेऊन, आणि हातात अर्ध्या दिवसाची मजुरी. वाढीव दराने.

तीन दिवस झाले, बाया कामावर गेल्या नव्हत्या. सगळ्या तडवी वस्तीतल्या. तकियाच्या गेटबाहेर पायऱ्यांवर त्या बसून होत्या. फकिराचा शब्द त्या मोडत नाहीत, हे हेमराजला ठाऊक होतं. म्हणून तो आला होता. मजारीवर घालायला जरीची हिरवी चादर, पेढ्यांचा पुडा, आणि एक मागणं. बाबांनी बायांना एक शब्द टाकावा. उद्या कामावर जा, एवढाच.

चादर अजून फकिराच्या मांडीवर तशीच घडी घातलेली होती.

“जैतून का येत नाही कामावर?” फकिराने विचारलं.

“पत्र्याचा राग आहे तिला.”

“कसला पत्रा?”

“तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी.”

“तू सांग.”

हेमराजने सांगितलं, पण घाईघाईने आणि अर्धंमुर्धं. पूर्ण हकीकत अशी होती.

जैतून तडवीचं मूल अंगावर पिणारं. ती आत कामाला असली की तिची सासू रोशनबी ते घेऊन गेटबाहेरच्या निंबाखाली बसायची. एका दुपारी वीज गेली. पट्टा बंद. बाहेर मूल रडायला लागलं. जैतून गेटवर आली आणि वॉचमनला म्हणाली, पाजून येते. वॉचमन म्हणाला, पट्टा सुरू होईल एवढ्यात. ती थांबली. मूल रडत होतं. तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. शेवटी रोशनबी उठली आणि तिने पोराला गेटच्या गजांपाशी धरलं. जैतून आतून गजांना टेकून बसली, आणि लोखंडाच्या दोन गजांमधून तिने त्याला पाजलं.

त्या दुपारचे पैसे तिला मिळाले नाहीत. पट्टा बंद होता.

दुसऱ्या दिवशी गेटला आतून पत्रा ठोकलेला होता. खालपासून वरपर्यंत.

“गेटवर तसलं बरं दिसत नाही, बाबा,” हेमराज म्हणाला. “व्यापारी येतात, बँकेचे लोक येतात. आणि गजांतून रुई पण बाहेर जाते, हे कुणी सांगत नाही तुम्हाला.”

“जैतूनने रुई चोरली?”

“तिने नाही. पण नियम एकीसाठी वेगळा कसा करणार?”

फकीर उठला. वय झालेलं, गुडघा धरून उठला. गेटपाशी गेला, कमरेची किल्ली काढली आणि तकियाच्या गेटला आतून कुलूप घातलं. परत येऊन जागेवर बसला. किल्ली मांडीखाली, चादर पुन्हा मांडीवर.

“हे काय, बाबा?”

“बस.”

“मला निघायचं आहे.”

“बस ना. काम सांगितलं का मी तुला काही? तहान लागली तर पाणी पी. तुझ्याच बापाची टाकी आहे.”

हेमराजने मनगटाकडे पाहिलं. मनगट रिकामं होतं. आत येताना फकिराने त्याचं घड्याळ आणि फोन बाहेर ड्रायव्हरकडे ठेवायला लावले होते. तुझ्याकडे आगीच्या भीतीने बायांच्या काडेपेट्या गेटवर काढून घेतात ना, मग इथलाही एक नियम पाळ, असं म्हणून. तेव्हा हेमराजला ती थट्टा वाटली होती.

तो बसला. उठला. येरझारा घातल्या. पुन्हा बसला.

“माझा वेळ जातोय, बाबा.”

“तुझा कसा? तू तर काहीच करत नाहीस.”

गेटपलीकडे पायऱ्यांवर हालचाल झाली. रोशनबीचा आवाज आला. म्हातारी मुद्दाम मोठ्याने बोलत होती.

“बाबा, शेठना मीटर लावलंय ना? नाही तर उगाच जास्तीचा तास पडेल त्यांचा.”

बाया हसल्या. हेमराजचे कान तापले.

“तुम्ही मला डांबून ठेवलंय,” तो हळू पण दातांतून म्हणाला. “पोलिसांत गेलो तर...”

“जा.”

“कुलूप काढा मग.”

“पट्टा सुरू होईल एवढ्यात,” फकीर म्हणाला.

...

ऊन टेकडीवरून उतरायला लागलं. निखाऱ्यांवर राख चढली. हेमराजने टाकीवर जाऊन पाणी प्यायलं, तोंड धुतलं, पुन्हा प्यायलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

गेटवर थाप पडली. त्याचा ड्रायव्हर होता.

“शेठ, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आहे. सारखा करतोय. गाड्या तीन दिवस उभ्या आहेत, हॉल्टिंग चढतेय म्हणतो. घ्या, बोला.”

ड्रायव्हरने गजांतून हात आत घातला. हातात फोन. हेमराज धावला.

त्याच्या आधी फकीर गेटपाशी पोचला होता. या वयात तो कसा पोचला, कोण जाणे. त्याने हातातली हिरवी चादर झटकली आणि गजांवर टाकली. वरची दोन टोकं गेटच्या खांबांवरच्या खिळ्यांना बांधली. जरीची चादर गेटभर पसरली, खालपासून वरपर्यंत. ड्रायव्हरने दचकून हात मागे घेतला.

हेमराज चादरीसमोर उभा राहिला. मजारीसाठी आणलेली चादर. तिला हात लावून बाजूला सारायची त्याची हिंमत झाली नाही.

“गजांतून काय काय बाहेर जातं,” फकीर म्हणाला, “कुणी सांगत नाही तुला.”

हेमराजने ओठ चावला. “बाबा, तुम्हाला कळत नाहीये. बाहेर माझे पैसे जाताहेत. खरे पैसे.”

“कशाचे?”

“हॉल्टिंगचे.”

“ते काय असतं?”

“कापसाच्या गाठी तयार नाहीत म्हणून गाड्या भरता येत नाहीत. गाडी रिकामी उभी राहिली की दर दिवसाचे पैसे द्यावे लागतात. ठरलेला दर आहे.”

“उभा राहून ट्रक काय काम करतो?”

“काही नाही करत. उभा असतो.”

“उभ्याने डिझेल खातो?”

“नाही.”

“टायर झिजतात?”

“उभ्याने कसे झिजतील?”

“मग पैसे कसले?”

हेमराजचा संयम सुटला. तासभर कोंडलेला सगळा राग त्या एका अडाणी प्रश्नावर निघाला.

“अडकून पडतो ना तो, बाबा. माझ्या दारात अडकलेला ट्रक दुसरीकडे भाडं मारू शकत नाही. माल त्याने भरला नाही, चालला नाही, ते मला काय करायचंय? त्याचा दिवस माझ्यापायी गेला. तो भरून मीच द्यायला नको? साधा न्याय आहे हा.”

...

चादरीपलीकडे कुणी हसलं नाही.

हेमराजचा हात हवेत होता तो खाली आला. शब्द तोंडातून निघून गेले होते. परत घेता येत नव्हते.

पण तो शिकलेला माणूस होता. शिकलेल्या माणसाजवळ अशा वेळी कारणं कमी नसतात.

“ट्रकची गोष्ट वेगळी असते,” तो म्हणाला. “मालकाला कर्जाचे हप्ते असतात. गाडी उभी असली म्हणून ड्रायव्हर उपाशी राहतो का? त्याला दोन वेळा खायला तर...”

तो थांबला.

फकीर त्याच्याकडे पाहत होता. त्या नजरेत आता थट्टा नव्हती. म्हाताऱ्याच्या कपाळाची शीर फुगली होती, पण आवाज चढला नाही.

“बोल. थांबलास का?”

“त्यांची संघटना आहे, बाबा,” हेमराज खालच्या आवाजात म्हणाला. या वेळी तो खरं बोलला. “हॉल्टिंग नाही दिली तर पुन्हा गाडी येणार नाही.”

“आणि या?”

“या...”

“बोल.”

“या येतात.”

चादर वाऱ्याने थोडी फुगली आणि पुन्हा गजांना चिकटली.

तेवढ्यात पलीकडे मूल रडायला लागलं. आधी कुरकुर, मग श्वास लागेपर्यंत. दिसत काहीच नव्हतं. हिरव्या चादरीआडून नुसता आवाज येत होता, आणि तो थांबत नव्हता.

हेमराजने थोडा वेळ ऐकलं. मग त्याच्याने ऐकवेना.

“अरे, कुणी तरी घ्या ना त्याला. आई कुठे आहे त्याची?”

“इथेच आहे,” पलीकडून जैतून म्हणाली. तीन दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. “ऐकू येतंय ना, शेठ? मला पण येत होतं.”

हेमराजने मान वळवली. मूल आणखी एकदा रडलं, अडखळलं आणि गप्प झालं. तिने पदराखाली घेतलं असावं. आता फक्त खालच्या जिनिंगमधला एखादा कुत्रा भुंकत होता.

फकिराने मजारीवरचा दिवा लावला. किल्ली घेतली आणि गेटपाशी आला. कुलूप काढायच्या आधी थांबला.

“तुझं काय मागणं होतं?”

हेमराजने हात जोडले. आवाज मऊ झाला होता, हिशेब नाही. “एक शब्द टाका त्यांना, बाबा. उद्या कामावर जा म्हणा. पत्रा मी काढतो. आज रात्रीच काढतो. लेकुरवाळ्या बायांसाठी शेड बांधून देतो, पाहिजे तर. पंखा लावतो तिथे.”

“आणि मीटर?”

...

“मीटर राहू द्या, बाबा,” हेमराज म्हणाला. “मीटर काढलं तर सगळेच मालक माझ्या अंगावर येतील. आता सगळ्यांनी बसवलंय ते. मी एकट्याने कसं काढू?”

“बरं.”

“बरं म्हणजे... टाकताय शब्द?”

“तू मागितलास ना. टाकतो.”

फकिराने चादर सोडली, घडी घातली आणि हेमराजच्या हातात परत दिली. मग कुलूप काढून गेट उघडलं.

बाया उठून उभ्या राहिल्या. जैतूनच्या खांद्यावर मूल झोपलं होतं. पायऱ्यांच्या खाली, उतारावर, जिनिंगसमोरच्या ट्रकांची रांग अजून दिसत होती. ड्रायव्हर लोकांनी त्यांच्या सावलीत चुली पेटवल्या होत्या. निवांत होते.

“बायांनो,” फकीर म्हणाला, “उद्या कामावर जा.”

हेमराजने सुस्कारा सोडला आणि वाकून फकिराच्या पायाला हात लावला.

जैतूनने मान वर केली. तिच्या डोळ्यांत आग होती, आणि ती फकिरावर होती.

“जाऊ?” ती म्हणाली. “तुम्ही सांगता म्हणून जाऊ, बाबा?”

फकिराने पाय मागे घेतला आणि खाली उभ्या ट्रकांकडे बोट केलं.

“जा. पण अशा जाऊ नका. चाकं लावून जा.”