एकच हाक

भैरवगडच्या राजाला रोज नवा हुकूम काढायची खोड होती. सोमवारी मिठावर जकात बसे, मंगळवारी ती उठे आणि बुधवारी मीठ आणणाराच तुरुंगात जाई. शेवटी व्यापाऱ्यांनी बैल गोठ्यातून सोडणंच बंद केलं.

एकदा राजा पालखीतून घाट उतरत होता. खालची ओस पडलेली पेठ पाहून तो भडकला. "व्यापारी आळसावलेत. उद्या चौघांना याच कड्यावरून लोटतो."

पालखीचा पुढचा भोई मालू. त्याचा भाऊ मिठाचाच व्यापार करायचा.

मागच्या भोयांना पालखीमुळे वाट दिसत नाही. ते पुढच्याच्या हाकेवर पाऊल टाकतात. अरुंद वळणावर मालूने हाक दिली, "डावीकडे. नाही, उजवीकडे. थांबा, डावीकडेच!"

मागचे भोई जागच्या जागी थिजले. पालखी दरीकडे कलली.

"चला की," राजाचा आवाज चिरकला. कोणी हललं नाही. "अरे, थांबलात का?"

"महाराज, खांद्यात बळ आहे, वाटही तीच आहे," मालू म्हणाला. "पण पुढची हाक कोणती येईल ते कळत नाही, म्हणून पाऊल उचलायची भीती वाटते. पेठेचंही तेच झालंय."

राजाने खाली दरीत पाहिलं आणि पालखीचा दांडा घट्ट धरला.

"मालू, आता एकच हाक दे बाबा."

"देतो महाराज," मालू म्हणाला. "तुम्हीही एकच द्या."