काळीची पिल्लं कोणाची?

शेजारच्या हौसाने आणि तिच्या नवऱ्याने जुनी खिडकी आणि आंब्याच्या पेट्या ठोकून खुराडं बनवलं, पण त्यात राहायची ती काळी कोंबडीच नाहीशी झाली. काही आठवड्यांनी सापडली ती दाजीसाहेबांच्या परसात, दुधीच्या वेलाखाली, भोवती चिवचिवणारी पिल्लं घेऊन.

दाजीसाहेब आमच्या गावचे माजी सरपंच. त्यांचा शब्द कोणी मोडत नाही. ओसरीवरूनच म्हणाले, "कोंबडी ने तुझी. पिल्लं माझ्या जागेत जन्मली, ती माझी."

मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. वाळलेलेच होते, पण जाणार कशी?

हौसा जागची हलली नाही. "पिल्लं घेतल्याबिगर मी जायची नाही. अंडी माझ्या काळीची."

"जे जिथं जन्मलं ते तिथलं. विचार गावाला."

"गावाला कशाला?" ओसरीवर दाजीसाहेबांचे जावई चहा पीत होते. बायकोला आणि तान्ह्या बाळाला न्यायला आले होते. हौसा त्यांना म्हणाली, "जावईबापू, ऐकलंत ना? ताईंचं बाळंतपण याच घरात झालं. आता ताईंना तेवढं न्या. बाळ दाजीसाहेबांचं."

जावयांनी कप खाली ठेवला. "असं आहे का, मामा?"

"अगं, लेक माहेरी बाळंत झाली म्हणून मूल काय माहेरचं होतं?" दाजीसाहेब गडबडीने म्हणाले.

"मी तरी तेच म्हणते. काळीपण माहेरीच आली होती म्हणायची." हौसाने टोपली पुढे केली. "आणि माहेरची माणसं लेकीला रिकाम्या हातानं धाडत नाहीत."

पिल्लं टोपलीत गेली. दाजीसाहेबांनी सूपभर कण्याही स्वतः आणून दिल्या, कारण जावई अजून बघत होते.