उकिरड्यापुढचा नारळ

एकदा एक तरुण पैलवान आपल्या वृद्ध वस्तादांकडे नवं नाव मागायला गेला. डाव मागायला शिष्य येतच असतात; नाव मागायला आलेला हा पहिलाच. वस्ताद तालमीच्या उंबऱ्यावर बसून भिजवलेले बदाम सोलत होते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

शिष्याचं नाव होतं उकिरडा. चिडवायचं नाव नव्हे, पाळण्यातलं. त्याच्या आधीचे दोन भाऊ जगले नव्हते. म्हणून तिसऱ्या खेपेला आईने जुन्या रीतीप्रमाणे तान्ह्या बाळाला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने 'टाकलेलं पोर सापडलं' म्हणत ते उचललं आणि आईने पसाभर कोंडा देऊन ते तिच्याकडून आपल्या पदरात घेतलं. मृत्यूचा डोळा चांगल्या वस्तूवर असतो, टाकाऊकडे तो ढुंकूनही पाहत नाही, एवढीच त्या रीतीमागची समजूत. शहाणे लोक अशा समजुतींना हसतात. हसावं, पण ज्याच्या घरातला पाळणा कधी रिकामा झाला नाही, त्याने जरा बेतानेच हसावं.

शिष्याला ही सगळी हकीकत ठाऊक होती. पण गेल्या जत्रेत पहिल्यांदाच त्याची कुस्ती मोठ्या मैदानात लागली आणि नावं पुकारणाऱ्याला चेव आला. "आता येतोय उकिरडा! मंडळी, नाकाला रुमाल लावा!" असं तो म्हणाला आणि सारं मैदान हसलं. कुस्ती यानेच मारली, पण लोकांच्या ध्यानात राहिला तो रुमाल. बायकांच्या बाजूला त्याची आई बसली होती. लेकाची कुस्ती बघायला ती पहिल्यांदाच आली होती, आणि विजयाची हलगी वाजली तेव्हाही तिची मान वर झाली नाही. घरी आल्यावर तो तिला म्हणाला, "तुला दुसरं काही सुचलं नव्हतं का?" आई म्हणाली, "बदल की मग. माझं काय न्हाई." पुढे तिने त्याला नावाने हाक मारणंच सोडलं.

यंदाच्या जत्रेत त्याची कुस्ती अखेरची, म्हणजे सर्वांत मानाची ठरली होती. त्याआधी त्याला नवं नाव हवं होतं.

"कसलं नाव पाहिजे तुला?" वस्तादांनी विचारलं.

त्याने भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. ती वस्तादांच्या गुरूंची होती. कानडी मुलखातले ते नामांकित मल्ल, त्यांचं नाव तिप्पण्णा. त्यांच्या तसबिरीला नमस्कार केल्याशिवाय त्या तालमीत कोणी मातीत उतरत नसे.

"तसलं," शिष्य म्हणाला. "नुसतं कानावर पडलं तरी समोरच्यानं दबकावं."

"मग त्यांचंच घे."

शिष्याचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "एवढं भाग्य माझं, वस्ताद?"

"उद्या सकाळी आंघोळ करून ये. नारळ आण. बारसं करून टाकू."

दुसऱ्या दिवशी गुरुशिष्य निघाले. मारुतीचं देऊळ आलं, वस्ताद थांबले नाहीत. नदीची वाट आली, तीही मागे पडली. गावाबाहेर शेणाचा आणि केरकचऱ्याचा मोठा उकिरडा होता, तिथे जाऊन त्यांनी वहाणा काढल्या. डोक्यावरचा फेटा सारखा केला. शिष्याच्या हातातला नारळ घेऊन दगडावर फोडला, पाणी उकिरड्यावर शिंपडलं आणि गुडघे दुखत असतानाही खाली वाकून माथा टेकला.

शिष्याचं तोंड लाल झालं. "वस्ताद, लोकांनी हसावं ते हसावं. तुम्हीसुद्धा?"

वस्ताद सावकाश उठले.

"थट्टा न्हवं ही, लेका. तिप्पे म्हंजे काय, ठावं हाय का तुला? कानडीत उकिरड्याला तिप्पे म्हणत्यात. माझ्या गुरूंच्या आधीची चार भावंडं गेली, तवा त्यांच्या आईनं त्यांना तिप्पेवर ठेवलं हुतं. आंध्राकडं गेलो तर तिथं पेंटय्या नावाच्या गड्यानं माझा खांदा निखळवला. त्यांच्यात पेंटा म्हंजे बी ह्योच. उत्तरेत घुरे नावाच्या पैलवानानं मला आस्मान दाखवलं. घूर म्हंजे तिकडचा उकिरडा. आयुष्यात ज्यांच्याकडनं मी पडलो, त्यांतली निम्मी तुझीच नावबंधू निघाली. ती नावं आपल्याला परक्या भाषेत ऐकू येत्यात म्हणून भारी वाटत्यात, एवढंच. त्या आया एकमेकींना कधी भेटल्या न्हाईत, एकीची भाषा दुसरीला कळली नसती. पर लेकरू राखायची वेळ आली तवा सगळ्यांना एकच जागा सुचली."

वस्ताद पुढे म्हणाले, "तुझ्या थोरल्या भावांची नावं म्हाईत हायत?"

"न्हाई. आई कधी घेत न्हाई."

"बळवंत आन् यशवंत. एक बारशापुरता टिकला, एक पावसाळाभर. चांगली नावं तिला सुचत न्हवती असं न्हाई, पोरा. तिच्याजवळची हुती न्हवती ती देऊन झाली हुती."

मग वस्ताद जरा घुटमळत म्हणाले, "सांगू नये, पर सांगतो. परवा ती माझ्याकडं आली हुती. म्हणाली, पोराला नवं नाव द्या, झ्याक द्या. फकस्त मैदानात पुकारताना लई मोठ्यानं पुकारू नगा म्हणावं."

"का म्हणून?"

"म्या इचारलं न्हाई. कोण ऐकंल म्हणून ती अजून भितीया, ते तुझं तू बघ."

तो अंगापिंडाने दांडगा गडी उकिरड्याच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. वस्तादांनी त्याला रडू दिलं. नारळाची एक वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "घरी ने. तिला दे."

जत्रेच्या दिवशी संध्याकाळी हलगी थांबली. पुकारणारा शिष्याजवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, "वस्तादांचा निरोप हुता, नवं नाव हाय म्हणून. काय पुकारू? हळू पुकारायचं म्हणं?"

शिष्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. आई आली होती. तिने पदर दोन्ही कानांवर घट्ट धरला होता आणि डोळे मिटले होते.

"उकिरडा," तो म्हणाला. "आन् जेवढा आवाज हाय तेवढा लावा."

पुकारणाऱ्याने नाव पुकारलं. ते पाराच्या पलीकडे गेलं, नदीपर्यंत गेलं. कुठेकुठे हसू उठलं, पण शिष्याने शड्डू ठोकला आणि ते विरलं. त्या कुस्तीत कोण जिंकलं, असं मला पुष्कळ जण विचारतात. मला ते माहीत नाही. ज्यांनी मला ही गोष्ट सांगितली, ते त्या वेळी कुस्तीच्या हौद्याकडे बघत नव्हते. कानावरचा पदर खाली आला होता, मान वर झाली होती, आणि एक म्हातारी बाई शेजारणीला सांगत होती, "माझा हाय त्यो."