उदबत्ती आणि इंजिन

एकदा एक फरशांचा व्यापारी उतारवयात नौकेच्या प्रेमात पडला. या वयात माणसे सहसा अध्यात्माकडे वळतात; त्यात बुडण्याचे भय नसते. व्यापाऱ्याने मात्र पेट्रोलवर चालणारी, दोन खोल्यांची, पांढरीशुभ्र नौका विकत घेतली आणि ती चालवायला शिकण्यासाठी खाडीकाठच्या एका वृद्ध तांडेलाचे शिष्यत्व पत्करले. तांडेलाने पन्नास वर्षे समुद्रावर काढली होती, त्यांतली बरीचशी न बोलता.

शिष्य हुशार होता. नौकेबरोबर आलेले जाडजूड पुस्तक त्याने पाठ केले. भरतीची वेळ तो मिनिटासह सांगे. गुरूचा आग्रह मात्र एकाच गोष्टीचा होता. इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यावरचे झाकण उघडायचे, वाकून वास घ्यायचा, मग आतली हवा बाहेर फेकणारा पंखा पाच मिनिटे चालवायचा आणि पुन्हा वास घ्यायचा. एवढ्यासाठी गुरू कशाला, असे शिष्य मनात म्हणे आणि गुरूदेखत निमूट वाकून वास घेई.

पुढे व्यापाऱ्याच्या मुलीला एक चांगले स्थळ आले. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत होती. मुलाच्या आईची पसंती तेवढी बाकी होती, म्हणजे सर्वच बाकी होते. व्यापाऱ्याने ठरवले की मुलाच्या आईवडिलांना नौकेतून समोरच्या बेटावर जेवायला न्यावे. समुद्रावर माणसाचे मन मोठे होते, असे त्याने कुठेसे वाचले होते. दोन दिवस त्याने नौका घासली. इंजिनही सोडले नाही. नळ्या काढून पुसल्या, परत बसवल्या. तांडेलाला यातले काही सांगितले नाही, कारण पुसण्यासाठी कोणी गुरूला विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून नौकेत पेट्रोलचा वास येऊ लागला. पाहुणे यायच्या वेळी घरात वास आला की आपण सगळे जे करतो, तेच त्यानेही केले. त्याने उंची उदबत्त्या आणल्या.

रविवारी सकाळी मंडळी आली; व्यापाऱ्याची मुलगीही बरोबर होती. मुलाच्या आईने रेशमी साडीवर लाईफ जॅकेट चढवले आणि ते आपल्याला शोभत नाही हे सर्वांना कळू दिले. पंखा फार घरघर करतो, म्हणून पाहुण्यांसमोर व्यापाऱ्याने तो लावला नाही. नारळ फुटला. झाकणाशेजारी उदबत्त्यांचा जुडगा धुरत होता. तबकात कापूर ठेवून व्यापारी आता इंजिनाची आरती करणार, तोच बरोबर यायला म्हणून तांडेल नौकेत उतरला. त्याने एकदा नाक वर केले, उदबत्त्यांचा जुडगा उचलला आणि खाडीत फेकला. व्यापाऱ्याच्या हातातली काडेपेटी काढून घेऊन स्वतःच्या खिशात घातली. मग त्याने सर्वांना धक्क्यावर जायला सांगितले.

धक्क्यावर चढता चढता मुलाच्या आईने विचारले, पूजेची उदबत्ती पाण्यात टाकण्याची पद्धत यांच्याकडे पूर्वीपासून आहे का. मुलाच्या वडिलांनी इकडेतिकडे पाहून, बेट ते हेच का, अशी चौकशी केली.

व्यापारी मागे राहिला होता. तो दबल्या आवाजात म्हणाला, "तांडेल, माझ्या मुलीचं लग्न मोडाल तुम्ही."

"मोडू दे, शेठ. जिवंत मुलीचं परत जमवता येतं."

एवढे बोलून त्याने व्यापाऱ्यालाही वर पाठवले, बॅटरीची जोडणी तोडली आणि झाकण उघडले. आतून असा भपकारा आला की धक्क्यावरच्या मंडळींनी नाकाला पदर आणि रुमाल लावले. इंजिनाखाली बोटभर पेट्रोल साचले होते. एका नळीची पट्टी सैल बसली होती आणि तिथून ते थेंब थेंब गळत होते.

तांडेल नेहमीपेक्षा जास्त बोलला. "शेठ, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, तळाला जाऊन बसते. तुम्ही चावी फिरवली असती तरी पुरे होतं, आणि इथे तर तुम्ही आरती करत होतात. इंजिन तुम्हाला सांगत होतं, मी गळतोय म्हणून. त्याला तोंड नाही, म्हणून वासाने सांगत होतं. तुम्ही त्याचं ऐकलं नाहीत, त्याला अत्तर लावलंत. वास आला की त्याच्या मागे मागे जायचं, कुठून येतो ते सापडेपर्यंत. बाकी सगळं तुमच्या पुस्तकात आहे."

सगळे व्यापाऱ्याकडे पाहत होते. मेकॅनिकवर ढकलणे सोपे होते; गैरहजर मेकॅनिक ही या देशातली मोठी सोय आहे. व्यापाऱ्याच्या जिभेवर ते शब्द आलेही. पण धक्क्यावर मुलगी उभी होती.

"नळी मीच काढली होती," तो म्हणाला. "इंजिन चकचकीत दिसावं म्हणून. वास आला तो लपवलाही मीच. तुम्हा सगळ्यांना मी यात बसवलं होतं."

तांडेलाने पट्टी घट्ट केली आणि साचलेले पेट्रोल फडक्यांनी टिपून घेतले. तोवर ओहोटी लागली, आणि बेट राहिले. धक्क्यावरच सतरंजी अंथरून डबे उघडले गेले. मुलाची आई मुकाट्याने जेवली. व्यापाऱ्याने त्या मौनाचा अर्थ लावला आणि हातातली पुरी परत ठेवली.

हात धुतल्यावर ती बाजूला गेली व तिने घरी जावेला फोन लावला. बाजूला म्हणजे चार पावले. त्यामुळे सर्वांना ऐकू आले.

"अगं, स्वयंपाकघरात तो वास येतोय ना, आपण कापराच्या वड्या ठेवल्यात तिथे? सिलिंडर आधी बंद कर. शेगडी पेटवू नकोस, दिव्याचं बटणही दाबू नकोस. खिडक्या उघड, बाहेर जा आणि तिथून गॅसवाल्याला फोन कर. नाही, संध्याकाळी नाही. आत्ता."

परत येऊन ती व्यापाऱ्यासमोर बसली आणि तिने सोलकढीची वाटी पुढे केली.

"पुढच्या रविवारी येतो आम्ही," ती म्हणाली. "तारीख बेटावरच काढू. पण निघण्याआधी वास मी घेणार."

खाली नौकेत तांडेलाने सगळी झाकणे उघडी टाकली होती. व्यापारी उठून त्याच्याजवळ गेला आणि झाकणे आता लावायची का, असे त्याने विचारले. अजून थोडा वारा लागू दे, तांडेल म्हणाला. व्यापारी शेजारी बसून राहिला.