येसू गुरविणीची न संपलेली कथा

फार फार मागं, कोंडशेत गावात घरांवर अजून कौलं चढायची होती, तेव्हाची ही हकिगत. वाघजाईच्या राईची पूजाअर्चा येसू गुरवीण करायची. नवरा गेलेला, पोटी मूल नाही. पण ती कथेला बसली की गाव जागचं हलायचं नाही. ऋषिमुनींनी पुराणं सांगितली ती रानात बसून, राजवाड्यात नव्हे. म्हणून कथा राईतच ऐकायची, असा तिचा हट्ट. राईचा नियमही जुना: कथा पुरी होईस्तोवर तिथं कुऱ्हाड चालवायची नाही. पण ऐकणाऱ्यानं हुंकार दिला नाही, तर ती कथाच नव्हे.

एकदा सरदाराला गडाच्या दरवाजासाठी लाकूड हवं झालं. वीस कुऱ्हाडी घेऊन मुकादम आला. राई गेली की झरा आटणार, झरा आटला की गाव उठणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण सरदारापुढं बोलतो कोण?

येसू राईच्या तोंडाशी मांडी घालून बसली आणि तिनं कथा लावली.

मुकादमही देवीला भिऊन होता. "म्हातारे, आटप लवकर," एवढंच म्हणाला.

"बाबा रे, कथा म्हणजे काय भाकर आहे, थापली की भाजली?"

तीन दिवस गेले. मग मुकादम भडकला. "आता जो हुंकार देईल, त्याची जीभ छाटीन!"

गाव गप्प झालं. कुऱ्हाडी खांद्यावर चढल्या. येसू उठली नाही. बसलेल्या घशानं पुढं सांगतच राहिली, "...मग ऋषीनं विचारलं, ऐकताय ना रे?"

असं म्हणतात, वारा पडलेला होता, पान हलत नव्हतं, आणि अख्ख्या राईतून आवाज आला, "हूंऽऽ!"

कुऱ्हाडी हातातून गळाल्या. मुकादम पागोटं काढून खाली बसला. हळूच म्हणाला, "पुढं काय झालं, आई?"

लाकूडतोडे रिकाम्या हातानं परतले. येसू पुढं पुष्कळ वर्षं जगली, रोज थोडी कथा सांगायची. शेवटच्या आजारात बायकांनी शेवट विचारला, तर म्हणाली, "शेवट सांगितला की कुऱ्हाडी मोकळ्या."

अजून दर चैत्रात गावातली एक बाई राईत बसते, येसूची कथा चार पावलं पुढं नेते, आणि ऐन रंगात आली की पदर झटकून उठते. कुणी "मग?" म्हणत नाही.